युद्धकालीन वृत्तनिर्बंध आणि चिमूर प्रकरण (१९४२-४३) : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : चिमूर, भारत संरक्षण नियम, वृत्तनिर्बंध, प्रा. भन्साळी, संपादक परिषद, सामुदायिक दंड

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हे गाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात १६ ऑगस्ट १९४२ या एका दिवसासाठी ओळखले जाते. त्या दिवशीचा उठाव, हुतात्मे आणि त्यानंतर काही दिवस खंडित झालेली ब्रिटिश सत्ता यांविषयी विदर्भात विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यानंतरच्या पाच महिन्यांत चिमूरसंबंधी आणखी एक संघर्ष घडला. चिमूरमध्ये सैन्याने काय केले हे देशाला कळू द्यावयाचे की नाही, हा त्या संघर्षाचा विषय होता. त्यात एकीकडे युद्धाची सबब पुढे करणारे सरकार होते, तर दुसरीकडे सेवाग्राम आश्रमातील एक उपोषणकर्ता आणि देशभरातील वृत्तपत्रांचे संपादक होते. १२ जानेवारी १९४३ रोजी हा संघर्ष संपला. बातमीवरील बंदी उठली. परंतु ज्या चौकशीसाठी हे सर्व घडले, ती चौकशी झाली नाही.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या संघर्षाचा परामर्श घेतला आहे. वृत्तनिर्बंधांचे यशापयश केवळ बातमी दडपली गेली की नाही या एका कसोटीवर मोजता येत नाही. बातमी प्रकट झाल्यानंतरही तिची शहानिशा होऊ न देणे हे अशा निर्बंधांचे अधिक दूरगामी फलित असते, हे चिमूरच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे हा लेखाचा हेतू आहे.

भौगोलिक व प्रशासकीय पार्श्वभूमी

१९४२ मध्ये चिमूर हे मध्य प्रांत व वऱ्हाडमधील चांदा जिल्ह्यात, वरोरा तहसिलीत मोडत असे. आजचा गडचिरोली जिल्हा त्या काळी चांदा जिल्ह्याचाच पूर्व भाग होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो स्वतंत्र झाला. गडचिरोली-चिमूर या लोकसभा मतदारसंघाच्या नावात या जुन्या एकत्वाची खूण आजही दिसते.

जंगलाने वेढलेल्या या प्रदेशात सत्तेविरुद्धच्या प्रतिकाराची परंपरा जुनी आहे. १८५८ मध्ये गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना चांदा येथे फाशी देण्यात आली होती. पक्के रस्ते व रेल्वे मोजक्याच ठिकाणी असल्यामुळे पूल मोडले आणि रस्त्यावर झाडे आडवी टाकली की एखादे गाव बाहेरच्या जगापासून तुटत असे. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरकरांनी याच परिस्थितीचा उपयोग करून घेतला. पुढे गावातील वृत्त बाहेर जाऊ न देण्यासाठी हीच परिस्थिती सरकारलाही उपयोगी पडली.

युद्ध, युद्धविरोध आणि वृत्तपत्रे

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदी प्रतिनिधींशी विचारविनिमय न करता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे घोषित केले. याचा निषेध म्हणून काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मध्य प्रांतातील पं. रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळही त्यात होते. त्याच वर्षी भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियम अस्तित्वात आले. यांपैकी चौतिसाव्या नियमात ‘अपायकारक’ कृत्य व वृत्त यांची अत्यंत व्यापक व्याख्या होती, तर एकेचाळिसाव्या नियमाने प्रकाशनावर बंदी घालण्याचा अथवा मजकूर आधी तपासून घेण्याचा अधिकार सरकारला दिला. १९३१ चा वृत्तपत्रविषयक आणीबाणी कायदाही जोडीला होताच.

युद्धाला उघड वैचारिक विरोध करण्याचा पहिला संघटित प्रयोग याच परिसराजवळ झाला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. या सत्याग्रहाचे स्वरूप मुद्दाम मर्यादित ठेवले होते. सरकारच्या युद्धप्रयत्नाला मनुष्यबळ वा पैसा देऊ नये, एवढे बोलण्याचे स्वातंत्र्य असावे, हीच मागणी होती. त्या भाषणाच्या प्रसिद्धीवर निर्बंध आल्यामुळे गांधीजींनी ‘हरिजन’चे प्रकाशन स्थगित केले. म्हणजे १९४० मध्येच वादाचा मुद्दा स्पष्ट झाला होता. सैन्याच्या हालचाली वा शस्त्रास्त्रांची माहिती गुप्त ठेवण्यास कोणाचा आक्षेप नव्हता. युद्धाविषयीचे मत गुप्त ठेवावे काय, हा खरा प्रश्न होता.

याच सुमारास, नोव्हेंबर १९४० मध्ये, अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद स्थापन झाली. ‘द हिंदू’चे संपादक कस्तुरी श्रीनिवासन तिचे पहिले अध्यक्ष होते. परिषदेने सरकारशी तडजोड केली. युद्धप्रयत्नात अडथळा येईल असा मजकूर संपादक स्वतःहून टाळतील आणि सरकार सरसकट पूर्वतपासणी लादणार नाही, असे तिचे स्वरूप होते. त्यासाठी प्रांतोप्रांती सल्लागार समित्या नेमल्या गेल्या. ही व्यवस्था संपादकांच्या व्यावहारिक शहाणपणाची निदर्शक होती. त्याचबरोबर स्वतःवर निर्बंध घालून घेण्याची सवय लावणारीही होती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला. त्याच दिवशीच्या सरकारी आदेशाने आंदोलनासंबंधीच्या बातम्या केवळ सरकारी सूत्रे, मान्य वृत्तसंस्था आणि नोंदणीकृत वार्ताहर यांच्याकडूनच घेता येतील, असे बंधन घातले. त्या महिन्यात अनेक वृत्तपत्रे बंद पडली. उरलेली वृत्तपत्रे कोणती बातमी छापता येईल हे रोज नव्याने ठरवीत होती.

चिमूर : १६ ते १९ ऑगस्ट १९४२

१९४२ च्या पावसाळ्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा चातुर्मास चिमूरला होता. त्यांच्या भजनांनी व प्रार्थनासभांनी परिसरातील तरुण मोठ्या संख्येने एकत्र येत होते. नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी बळाचा वापर केला. गोळीबारात बालाजी रायपूरकर या तरुणास वीरमरण आले. त्यानंतर जमाव अनावर झाला. डाक बंगल्यावर हल्ला झाला आणि त्या दिवसाच्या घटनांत उपविभागीय दंडाधिकारी डुंगाजी यांच्यासह चार सरकारी नोकर मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथेही पोलीस ठाण्यावर मोर्चा जाऊन दोन्ही बाजूंची माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ही दोन्ही प्रकरणे ‘आष्टी-चिमूर’ या जोडनावानेच ओळखली जाऊ लागली.

या हत्यांचा उल्लेख टाळून चिमूरचा इतिहास लिहिणे योग्य ठरणार नाही. मारले गेलेले अधिकारी हिंदीच होते. अहिंसेच्या आंदोलनात घडलेली ही हिंसा काँग्रेसजनांनाही अडचणीची वाटत होती. परंतु अपराध्यांना शोधून न्यायालयात उभे करणे ही एक गोष्ट आणि संपूर्ण गावाला शिक्षा करणे ही दुसरी. १९ ऑगस्टपासून चिमूरमध्ये दुसरी गोष्ट घडली. सुमारे दोनशे गोरे व पन्नास हिंदी सैनिक गावात आले, असे तत्कालीन वृत्तांत नोंदवितात. पुरुष मंडळींची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. काही गाव सोडून रानात गेले. घरांत मागे राहिलेल्या स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यावर सैनिकांनी लूटमार व अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. गावावर एक लाख रुपयांचा सामुदायिक दंड बसविण्यात आला. ऑगस्टअखेर तुकडोजी महाराजांनाही अटक होऊन त्यांची रवानगी नागपूर व रायपूरच्या तुरुंगात झाली.

येथे एका कायदेशीर योगायोगाची नोंद घेणे आवश्यक आहे. चिमूरच्या घटनेच्या आदल्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, सरकारने सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा अध्यादेश जारी केला होता. विशिष्ट दर्जाच्या लष्करी अधिकाऱ्यांना प्राणघातक बळ वापरण्याचा अधिकार आणि केंद्र सरकारच्या परवानगीवाचून खटला दाखल होण्यापासून संरक्षण, ही त्याची दोन अंगे होती. चिमूरमध्ये तो प्रत्यक्ष वापरला गेला किंवा नाही, यापेक्षा त्यामागील धोरण महत्त्वाचे आहे. सैनिकांच्या वर्तनाची न्यायालयीन छाननी होऊ नये, ही भूमिका चिमूरच्या तक्रारी येण्यापूर्वीच निश्चित झाली होती. वृत्तनिर्बंध ही त्याच भूमिकेची दुसरी बाजू होती.

साक्षीदार कोण होते?

चिमूरच्या तक्रारी म्हणजे काँग्रेसचा युद्धविरोधी प्रचार, अशी संभावना करणे सरकारला सोयीचे होते. परंतु या तक्रारी बाहेर आणणाऱ्यांची नावे पाहिली असता हा आक्षेप टिकत नाही. काँग्रेसचे बहुतेक नेते तुरुंगात होते. चिमूरला जाऊन लोकांचे म्हणणे ऐकणाऱ्यांत डॉ. बा. शि. मुंजे हे प्रमुख होते. डॉ. मुंजे हिंदू महासभेचे नेते. महासभेचा ‘छोडो भारत’ आंदोलनास पाठिंबा नव्हता; उलट हिंदी तरुणांनी सैन्यात भरती व्हावे, असा तिचा आग्रह होता. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेचे संस्थापक असलेल्या डॉ. मुंजे यांच्यावर सैन्यद्वेषाचा आरोप करणे शक्यच नव्हते. नागपूरच्या महिला कार्यकर्त्यांनीही गावात जाऊन स्त्रियांची निवेदने घेतली.

या निवेदनांचे मोल समजून घेण्यासाठी त्या काळच्या ग्रामीण समाजाचा विचार करावा लागेल. अत्याचाराचा उच्चार करणाऱ्या स्त्रीला कायद्याकडून न्याय मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. समाजाकडून मात्र आयुष्यभराची बदनामी ठरलेली होती. अशा स्थितीत ज्या स्त्रिया बोलल्या, त्यांनी फार मोठी जोखीम पत्करली. मध्य प्रांत सरकारने मात्र तक्रारी वेळेवर नोंदविल्या गेल्या नाहीत, चौकशीतून काही निष्पन्न होणार नाही, अशा स्वरूपाची भूमिका घेऊन चौकशीची मागणी नाकारली. ज्या गावातील पुरुष तुरुंगात होते आणि ज्या गावात तक्रार नोंदवून घेणारी यंत्रणा हीच आरोपीच्या बाजूची होती, तेथे वेळेवर तक्रार करणे कसे शक्य होते, या प्रश्नाचे उत्तर सरकारने दिले नाही.

प्रा. भन्साळी यांचे उपोषण

प्रा. जयकृष्ण प्रभुदास भन्साळी हे सेवाग्राम आश्रमातील विरक्त वृत्तीचे साधक. प्रदीर्घ मौन व कठोर देहदंड यांसाठी ते ओळखले जात. राजकीय कार्यकर्ता म्हणून त्यांची ख्याती नव्हती. १ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य माधव श्रीहरी अणे यांच्या निवासस्थानी उपोषण सुरू केले. चिमूर प्रकरणाची चौकशी व्हावी आणि अणे यांनी स्वतः चिमूरला जावे, ही त्यांची मागणी होती.

लोकनायक बापूजी अणे यांची निवड अर्थपूर्ण होती. ते वणीचे. वणी आणि चांदा जिल्हा यांत केवळ वर्धा नदीचे अंतर. विदर्भाचा एक मान्यवर नेता साम्राज्याच्या सर्वोच्च मंडळात बसलेला असताना त्याच्याच शेजारच्या गावातील स्त्रियांची दाद लागत नाही, ही विसंगती भन्साळी यांनी न बोलता उघड केली. त्यांना दिल्लीहून परत पाठविण्यात आले. ११ नोव्हेंबरपासून त्यांनी पुन्हा उपोषण आरंभिले. चिमूरच्या दिशेने पायी निघाले असता त्यांना अटक करून सेवाग्रामला आणून सोडण्यात आले.

याच सुमारास वृत्ताचा आणखी एक मार्ग बंद झाला. मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओने, वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या ज्या घटना लोकांपर्यंत पोहोचविल्या, त्यांत आष्टी-चिमूरचाही समावेश होता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी हे केंद्र पकडले. त्यानंतर भन्साळी यांचे उपोषण हेच चिमूरविषयीचे जणू एकमेव ‘वृत्त’ उरले. मध्य प्रांत सरकारने उपोषणाच्या काळातच त्याविषयीच्या व चिमूरविषयीच्या मजकुराच्या प्रसिद्धीस मनाई केली.

या मनाईचे समर्थन युद्धाच्या कारणाने करणे कठीण होते. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोहोचले होते हे खरे. परंतु सेवाग्रामच्या एका झोपडीत कोणी अन्नत्याग केला आहे, या माहितीचा शत्रूला कोणता लष्करी उपयोग होणार होता? चिमूर परिसरातील खेड्यांना घडलेली हकीकत वृत्तपत्रांशिवायही ठाऊक होती. आठवडी बाजार व नातेसंबंध यांतून ती पसरलीच होती. बंदी होती ती नागपूर, मुंबई, मद्रास येथील वाचकांसाठी आणि त्यांच्यामार्फत मित्रराष्ट्रांतील लोकमतासाठी.

संपादकांचा प्रतिकार

दोन वर्षे सरकारशी तडजोडीने वागणाऱ्या संपादक परिषदेला येथे आपली मर्यादा ठरवावी लागली. डिसेंबर १९४२ मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेच्या अधिवेशनात निषेधाचा कार्यक्रम ठरला. सरकारी परिपत्रके, नववर्षाच्या पदव्यांची यादी आणि सत्ताधाऱ्यांची भाषणे छापावयाची नाहीत. ६ जानेवारी १९४३ रोजी वृत्तपत्रांचे प्रकाशन एक दिवस बंद ठेवावयाचे. देशातील अनेक वृत्तपत्रांनी हा कार्यक्रम पाळला.

या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे की त्यात कोणताही निषिद्ध मजकूर छापण्याचा प्रयत्न नव्हता. सरकारने बातमी रोखली म्हणून संपादकांनी सरकारची बातमी रोखली. युद्धकाळात सरकारलाही वृत्तपत्रांची तितकीच गरज होती, हे यातून सिद्ध झाले. त्याच वेळी या प्रतिकाराची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. संपादकांचा लढा मुख्यतः प्रसिद्धीच्या हक्कासाठी होता. चिमूरच्या चौकशीची मागणी ही त्या लढ्याची अट नव्हती.

तडजोड आणि तिची किंमत

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भन्साळी यांची प्रकृती चिंताजनक झाली. मध्य प्रांताचे माजी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने वाटाघाटी झाल्या. १२ जानेवारी १९४३ रोजी, त्रेसष्टाव्या दिवशी, उपोषण सुटले. चिमूरविषयीच्या बातम्यांवरील बंदी मागे घेण्यात आली आणि संपादकांनीही आपला बहिष्कार संपविला.

भन्साळी यांचा हा विजय सामान्य नव्हता. महायुद्धाच्या ऐन भरात एका निःशस्त्र माणसाने सरकारला आपला आदेश मागे घ्यावयास लावले. परंतु सैनिकांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी या तडजोडीतून मिळाली नाही आणि पुढेही झाली नाही. बंदी उठली तेव्हा घटनेला जवळजवळ पाच महिने लोटले होते. फेब्रुवारीत गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले, अणे यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला आणि देशाचे लक्ष तिकडे वेधले गेले. त्याच महिन्यात सरकारने १९४२ च्या उद्रेकाचे दायित्व काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या पुस्तिकेला उत्तर देऊ शकणारे बहुतेक जण तुरुंगात होते.

न्यायालयात उभे राहिले ते केवळ गावकरी. आष्टी-चिमूर खटल्यांत अनेकांना फाशी व जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. अनसूयाबाई काळे यांनी फाशीच्या कैद्यांसाठी देशव्यापी चळवळ उभारली आणि १९४५ मध्ये फाशीच्या शिक्षा रद्द होऊन त्यांचे जन्मठेपेत रूपांतर झाले. अधिकाऱ्यांच्या हत्येचा तपास झाला, साक्षी झाल्या, निकाल लागला. स्त्रियांच्या निवेदनांना मात्र न्यायालय कधीच लाभले नाही. एका घटनाक्रमाच्या दोन बाजूंपैकी एकीचाच न्यायनिवाडा झाला. याचा परिणाम इतिहासलेखनावरही झाला आहे. एका बाजूची कागदपत्रे न्यायालयीन नोंदीच्या रूपात उपलब्ध आहेत. दुसरी बाजू निवेदने, पत्रके व मौखिक परंपरा यांत विखुरलेली आहे.

कायद्याचा पुढील प्रवास

भारत संरक्षण नियमांना न्यायालयांत आव्हान मिळाले. २२ एप्रिल १९४३ रोजी केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा सव्विसावा नियम अवैध ठरविला. सरकारने लगेच अध्यादेश काढून ती उणीव भरून काढली. सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणात १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ‘अपायकारक वृत्त’ ठरण्यासाठी प्रत्यक्ष हिंसेची चिथावणी आवश्यक नाही, असा व्यापक अर्थ स्वीकारला. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या संदर्भात अधिक उदार दृष्टिकोन घेतला.

१९४२ च्या सशस्त्र दल अध्यादेशाच्या धर्तीवर १९५८ चा कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने केला. जून १९७५ मधील आणीबाणीत वृत्तपत्रांची पूर्वतपासणी संरक्षणविषयक नियमांखालीच सुरू झाली. १९७६ मध्ये मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ नियतकालिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा अधिकारांचा वापर केवळ मतभेद दडपण्यासाठी करता येणार नाही, हे स्पष्ट केले. पवनारच्या सत्याग्रहात विनोबांनी मागितलेला हक्क याहून फारसा वेगळा नव्हता.

निष्कर्ष

१) चिमूरवरील वृत्तबंदीचा लष्करी गुप्ततेशी संबंध नव्हता. सैन्याच्या वर्तनाविषयीची टीका नागरी लोकमतापर्यंत पोहोचू नये, हा तिचा हेतू होता.

२) चिमूरच्या तक्रारी पुढे आणणाऱ्यांत युद्धप्रयत्नाला अनुकूल असलेल्या व्यक्तीही होत्या. त्यामुळे ‘टीका म्हणजे शत्रूला साह्य’ हे समीकरण त्या काळातही तथ्यहीन होते.

३) संपादकांच्या स्वेच्छानिर्बंधाने वृत्तपत्रांना टिकून राहता आले, परंतु मर्यादा ओलांडली गेल्यावर सामूहिक प्रतिकार करण्याचे बळही त्याच संघटनेतून आले. या दोन्ही गोष्टींची नोंद एकत्रितपणे व्हावयास हवी.

४) बंदी उठणे आणि सत्य प्रस्थापित होणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट साध्य झाल्याच्या समाधानात दुसरी मागे पडली.

५) चिमूरच्या स्मरणात हुतात्म्यांना जे स्थान मिळाले, तेच निवेदने देणाऱ्या स्त्रियांना मिळाले नाही. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी उपलब्ध निवेदने, तत्कालीन वृत्तपत्रांचे अंक आणि कुटुंबांतून चालत आलेल्या आठवणी यांचे संकलन हाती घेतल्यास, त्या स्त्रियांची ओळख उघड न करताही त्यांच्या साक्षीला इतिहासात तिचे स्थान देता येईल. त्या पिढीतील फारच थोडी माणसे आता हयात असतील. म्हणून हे कार्य लांबणीवर टाकण्याजोगे नाही.